बांधावरची माणसे

डिसेंबर उजाडला की बेळगाव, खानापूर, नंदगड या बाजूंची आमची माणसे जुन्या गोव्याच्या वाटेला लागतात. कोणी चोर्ल्याच्या घाटाने मोटारीतून उतरतात, कोणी नवस फेडण्यासाठी पायी चालत जातात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण, आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेनाचे. बाँ जेझूच्या मंदिरात गुडघे टेकावे, समोरच्या से कॅथेड्रलच्या उंच छताखाली मान वर करून क्षणभर उभे राहावे, फेरीत मुलांना खाजे घेऊन द्यावे आणि अंधार पडण्यापूर्वी परतीची गाडी धरावी, असा बहुतेक कुटुंबांचा क्रम असतो.

त्या मंदिरांपासून थोडेसे चालले की विसेरेईच्या कमानीखालून रस्ता मांडवीच्या धक्क्यावर उतरतो. तेथून फेरीबोट समोरच्या दिवाडी बेटावर जाते. नदी ओलांडावयास फार वेळ लागत नाही. तरीही यात्रेकरूंपैकी थोडेच त्या बोटीत चढतात. पलीकडे पाहण्यासारखे काय आहे, असे धक्क्यावर विचारले तर ‘शेते आहेत’ एवढेच उत्तर मिळते. त्या शेतांविषयी, किंबहुना ती शेते खाऱ्या पाण्यापासून वाचवून ठेवणाऱ्या माणसांविषयी, आज चार शब्द लिहावे असे आमच्या मनात आहे.

या नदीशी आपले नाते परके नाही. गोव्यात जिला मांडवी म्हणतात तीच वरच्या अंगाला म्हादई, आणि ती आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावते. आपल्या डोंगरांवर पडलेला पाऊस शेवटी दिवाडीच्या बांधाला जाऊन भिडतो.

आम्ही गेलो तो दिवस सण आटोपल्यानंतरचा, पंचमीचा होता. सकाळची वेळ, ओहोटी लागलेली. सुकाणूवरच्या माणसाने बोटीचे तोंड समोरच्या धक्क्याकडे न धरता बरेच वरच्या बाजूस धरले होते. पाहणाऱ्यास वाटावे की हा चुकीच्या जागी नेत आहे. परंतु ओहोटीच्या ओढीने बोट हळूहळू खाली सरकत गेली आणि नेमकी धक्क्याच्या उतारावर जाऊन टेकली. बोटीत कोणीही तिकडे पाहत नव्हते. एक बाई आपली टोपली सावरीत होती, दोघे तरुण मोबाइलमध्ये मग्न होते. दिवसातून कितीदा तरी तो मनुष्य हे करीत असेल.

धक्क्यापासून रस्ता सरळ शेतांमधून जातो आणि पियेदादच्या टेकडीवर चढतो. टेकडीवरचे पिएताचे देवालय दुरूनही दिसते. आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूने त्याचा आराखडा केला. त्या काळी एतद्देशीय माणसाचे नाव एखाद्या वास्तूशी जोडले जाणे सोपे नव्हते, म्हणून आम्ही ते येथे मुद्दाम लिहीत आहो. पणजीहून रायबंदरास येणारा लांबलचक दगडी पूल आपण सर्वांनी पाहिला आहे. सतराव्या शतकातील तो पूल आजही त्या वेळच्या विसेरेईच्या, लिन्यारिसच्या उमरावाच्या, नावाने ओळखला जातो. देवालयास आराखडाकार आहे, पुलास विसेरेई आहे. दिवाडीच्या बांधास मात्र कोणाचेच नाव नाही, आणि तो या दोहोंपेक्षा कितीतरी जुना उद्योग आहे.

गोव्यात भाताच्या जमिनी तीन प्रकारच्या मानतात. उंचावरची मोरड, मधली खेर आणि नदीकाठची सखल ती खाजन. खाजन जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली असते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा मांडवी आणि जुवारी या नद्यांत शिरते आणि दोनदा परतते. बांध नसता तर ही सर्व भूमी दिवसातून दोनदा पाण्याखाली गेली असती आणि तेथे चिखल व कांदळ यांवाचून काही राहिले नसते. साऱ्या गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे, आणि तिचा प्रत्येक वाफा माणसाच्या हातांनी नदीपासून मागून घेतलेला आहे. प्रवासाच्या पुस्तकांतून दिवाडीचे वर्णन ‘निसर्गाच्या कुशीतले बेट’ असे येते. आम्हांस ते पटत नाही. या बेटाच्या सपाटीवर निसर्गावर सोपविलेले असे फारसे काही नाहीच.

हे काम केव्हा सुरू झाले? बांदोडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खाजन जमिनीचा उल्लेख आहे, आणि तो ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातला मानतात. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी हजारएक वर्षे लोक येथे खाऱ्या पाण्याशी झगडत होते. पुढे १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया याने तिसवाडीतील गावांच्या जुन्या चालीरीती लेखी नोंदविल्या. त्या लेखाच्या आरंभी अशी हकिकत आहे की, पूर्वी कधीतरी चार माणसे एका ओसाड बेटावर जमीन लागवडीस आणण्यासाठी गेली, आणि त्यांच्या कष्टांतून गावे वसली. तेच पहिले गावकर. त्यांच्या गावकारीस पुढे कोमुनिदाद हे नाव मिळाले. त्या चौघांची नावे मात्र लेखात नाहीत.

बांध कशाचा असतो? नदीतलाच चिखल, भाताचा पेंढा, बांबू, झाडांच्या फांद्या आणि जेथे पाण्याचा मारा अधिक तेथे जांभ्या दगडाचा मुखवटा. बाहेरच्या अंगास कांदळाची झाडे राखतात, म्हणजे लाट बांधापर्यंत येता येता थकते. चिखल ओला असताना त्याचे गोळे हातोहात पुढे देत, एकावर एक बसवीत जावे लागते. चिखल कोठचा घ्यावा, किती वाळू द्यावा, पेंढा आडवा घालावा की उभा, हे सारे ज्याच्या हातांस ठाऊक त्याच्या हातांसच ठाऊक. फोंडा तालुक्यातील काही खाजनकाठच्या गावांत पौषी अमावास्येस चिखलाची मगर करून तिची पूजा करण्याची हिंदू बांधवांची चाल आहे, तिला ‘मानगे थापणी’ म्हणतात. चिखलाकडे इतक्या आदराने पाहणारे लोक थोडेच असतील.

आणि या बांधाचे दार म्हणजे मानस. शब्द ऐकून आपल्यास मनाची आठवण होईल, पण येथे त्याचा अर्थ बांधात बसविलेले पाण्याचे फाटक, एवढाच. दोन्ही बाजूंस चिऱ्यांचे भक्कम बांधकाम आणि मध्ये टणक लाकडाच्या झडपा. युक्ती अशी की, भरतीचे पाणी बाहेरून चढू लागले की त्याच्याच रेट्याने झडप मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप उघडते आणि शेतातले जादा पाणी नदीत जाते. मानशीच्या आतल्या बाजूस पाण्याचा एक खोलगट डोह असतो, त्यास पोंय म्हणतात. भरतीबरोबर चुकून आत आलेले खारे पाणी तेथे विसावते आणि मासळीही तेथेच वाढते. ना यंत्र, ना तेल, ना वीज. नदीलाच नदीच्या दारावर राखण बसविले आहे.

असे जर आहे तर मग मानशीवर माणूस कशाला हवा? आम्ही हाच प्रश्न तेथल्या राखणदारास विचारला.

तो बांधावरच भेटला. वय सत्तरीच्या पुढचे, अंगात विटका शर्ट, अर्धी चड्डी, पाय अनवाणी आणि बोटे फाकलेली. आम्ही त्यास आपल्या बेळगावच्या रीतीने ‘मामा’ म्हटले, त्याने आम्हांस ‘बाब’ म्हटले. तो कोंकणीत बोलत होता, आम्ही मराठीत, आणि कोणाचेही काही अडले नाही. प्रश्न ऐकून तो हसला, आणि उत्तर देण्याऐवजी त्याने आम्हांस झडपेजवळ नेऊन उकिडवे बसविले. झडपेच्या कडांवर शिंपल्यांचे खरबरीत थर चढलेले होते. ते वेळोवेळी खरवडावे लागतात, नाहीतर झडप पुरती टेकत नाही. ओहोटीच्या पाण्याबरोबर काटकी, नारळाची झावळी, आता तर प्लास्टिकच्या बाटल्या येतात, आणि त्यांतली एखादी नेमकी सांध्यात अडकते. बोटभर फट राहिली तरी एका भरतीत कितीतरी खारे पाणी आत येते. फट पाण्याखाली असते, ती डोळ्यांस दिसत नाही.

‘मग कळते कसे?’

‘उदक सांगता,’ तो म्हणाला.

पाणी कसे सांगते हे पाहण्यासाठी आम्ही थांबलो. या थांबण्यात आमची दुपारची बोट चुकली, पण त्याचा विषाद वाटला नाही. भरती केव्हा पुरी होईल, असे विचारताच त्याने घड्याळाकडे न पाहता सांगितले, ‘पावणेचार, आणि इथे नदीत थोडी उशिराने.’ हिशोब सोपा आहे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पुरी होण्याचा तास मिळतो. पंचमीची पाऊणपट पावणेचार, अष्टमीची सहा. कृष्णपक्षात पुन्हा एकपासून मोजावे. भरती रोज पाऊणएक तासाने पुढे जाते, म्हणून हा मेळ जमतो. त्यात पुन्हा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास पाणी फार चढते, आणि अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीस ते थोडक्यात परतते. बांधाची डागडुजी म्हणूनच भांगाच्या दिवसांत धरतात. शाळा किती शिकलात, असे आम्ही त्यास विचारले नाही. तो हिशोब ऐकल्यावर त्या प्रश्नाचे प्रयोजन उरले नव्हते.

दहा वाजून गेल्यावर पाणी स्थिर झाले. मग काही काळ ते आतही जाईना, बाहेरही जाईना. त्यानंतर बाहेरच्या पाण्यावरचा पालापाचोळा उलट दिशेने हलू लागला. साडेअकराच्या सुमारास झडप हळूच सरकली आणि मिटली. एक जड, बोदा आवाज झाला. राखणदार मान तिरकी करून उभा होता. तो म्हणाला की पुरती मिटलेली झडप एकदाच वाजते. काही अडकले असेल तर ती दोनदा वाजते, आणि दुसरा आवाज बारीक असतो. पावसाळ्यातल्या काळोख्या रात्री तो घरात निजलेला असतानाही हा आवाज ऐकतो, असे त्याच्या घरच्यांनी आम्हांस नंतर सांगितले. त्याच्या पत्नीच्या मते त्यास इतर काहीही ऐकू येत नाही.

तेथून तो आम्हांस बांधावरून घेऊन निघाला. आपण रस्त्याने चालतो तसा तो चालत नव्हता. टाच टेकताना तो किंचित थांबे. एके ठिकाणी थांबून त्याने पायाच्या अंगठ्याने माती उकरली, आणि खाली खेकड्याचे बीळ निघाले. वरून जमीन कोरडी आणि सपाट होती. आम्ही तिघेजण त्याच जागेवरून नुकतेच चालून गेलो होतो. असे बीळ बाहेरपासून आतपर्यंत गेले की भरतीचे पाणी त्यातून झिरपू लागते. आज झिरपते, उद्या वाहते, आणि उधाणाच्या एखाद्या रात्री हात-दोन हात बांध एकदम खचतो. एकदा खारे पाणी शेतात भरून राहिले की त्या वर्षीचे पीक जातेच, पण पुढची काही वर्षेही जमीन मीठ सोडीत नाही. त्याने कमरेच्या कोयत्याने बीळ खणून काढले, ओला चिखल आणून ठोकून बसविला आणि हात नदीत धुतले. सारे मिळून पंधरा मिनिटांचे काम. त्या पंधरा मिनिटांची नोंद कोठल्याही वहीत होणार नाही, कारण त्यामुळे काहीच घडले नाही.

मानशीचा लिलाव होतो, हेही येथे सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र अधिकच गोड होईल. मानशीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी जाळे लावले की मासळी आणि कोळंबी मिळते, उधाणाच्या रात्री विशेष. तो हक्क जो अधिक बोली करील त्यास मिळतो, आणि राखणदार बहुधा त्याचाच चाकर असतो. गेल्या काही दशकांत कोळंबीस दर चढला आणि तंटा उभा राहिला. शेतकऱ्यास खारे पाणी बाहेर हवे, मासळीवाल्यास ते आत हवे. दोघांच्या मध्ये राखणदार उभा. आमच्या या मामाने एका वर्षी भात पोटरीवर असताना मालकाचे सांगणे न मानता झडप बंद राखली, आणि ती नोकरी गमावली. पुढच्या वर्षी बोली दुसऱ्याने जिंकली आणि त्याने त्यास पुन्हा बोलावून घेतले. ‘मग त्या मधल्या वर्षात काय केलेत?’ असे विचारता तो म्हणाला, ‘काय करणार? बांधावर फिरायचो.’ म्हणजे वेतन बंद झाले होते, काम नव्हे. ही गोष्ट त्याने मोठेपणा म्हणून सांगितली नाही. शेजाऱ्याने ती काढली, तेव्हा तो जरा ओशाळलाच.

दुपारी एका घराच्या ओसरीवर आम्हांस पेज आणि सुक्या मासळीची किसमूर मिळाली. त्या घरची म्हातारी मावशी पेंढ्याची मुडी बांधीत बसली होती. मुडी म्हणजे बियाणे ठेवण्यासाठी पेंढ्याच्या दोरांनी आवळून बांधलेला गोल गाठोडा. कुशलतेने बांधला तर पावसाळी हवेतही आतले दाणे कोरडे राहतात. तिच्या मुडीत कोरगुट होते. हे भाताचे जुने वाण खाजन जमिनीतले मीठ सोसते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. जूनच्या पहिल्या सरींनी शेतातले मीठ विरघळते, ते पाणी ओहोटीस मानशीतून सोडून द्यावयाचे, पुन्हा पाऊस, पुन्हा सोडणे, आणि मग पेरणी. तरीही मातीत थोडे मीठ राहतेच. सुधारलेली वाणे तेथे माना टाकतात, कोरगुट उभे राहते. कोरगुटाचे रोप उंच वाढते, म्हणून पाणी तुंबले तरी त्याची शेंडी वर राहते.

परंतु वाण म्हणजे काही आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. कापणीपूर्वी ही मावशी शेतात एकटी जाते आणि कणसे निवडते. बांधाजवळच्या, म्हणजे सर्वांत खाऱ्या कोपऱ्यात जी कणसे भरलेली आढळतील तीच ती बियाण्यास घेते. चांगल्या जमिनीतल्या पुष्ट कणसांकडे ती वळूनही पाहत नाही. असे का, म्हणून विचारले, तर तिने आमच्याकडे जरा दयेने पाहिले. ‘ज्याने सोसले त्याचेच बी घ्यावे ना, बाबा?’ कृषिशास्त्रात यास निवड पद्धत म्हणतात आणि ती पुस्तकातून शिकवितात. तिने ती आपल्या सासूपासून घेतली, सासूने आपल्या सासूपासून. ऑगस्टमध्ये गोव्यातील कित्येक धर्मग्रामांत नव्या कणसांचा सण होतो. धर्मगुरू शेतात जाऊन पहिली कणसे कापतात, त्यांना आशीर्वाद देतात, आणि ती घरोघर नेली जातात. त्या मिरवणुकीत ही मावशी मागच्या रांगेत चालत असते, असे तिच्या सुनेने सांगितले. पुढे बँड असतो, त्याचा आवाज तिला सोसत नाही.

हे सारे आता किती दिवस चालेल, हा प्रश्न त्या ओसरीवर कोणी न विचारताच उभा होता. पूर्वी बांधाची जबाबदारी कोमुनिदादीची असे. ती खर्च करी, माणसे बोलावी, कसूर झाल्यास दंड करी. गोवा १९६१ साली मुक्त झाला, १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांस जमिनीची मालकी मिळाली. ते न्यायाचेच झाले. ज्यांच्या घामावर ही शेते उभी होती त्यांस ती मिळावयासच हवी होती. पण बांध कोणा एकाच्या वाट्यास येत नाही. तो कुळांच्या संघांकडे आला, आणि सगळ्यांचा झाला म्हणजे कित्येक ठिकाणी कोणाचाच राहिला नाही. दरम्यान खनिजाने भरलेले बार्ज कित्येक दशके मांडवीतून जात-येत राहिले, आणि त्यांच्या लाटा बांधांस धडकत राहिल्या. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली न्यायालयाच्या आदेशांनी खाणी थांबल्या, पण झिजलेला बांध लाट थांबल्याने आपोआप भरून येत नाही.

आणि माणसे? मुले बोटीवर जातात, आखाती देशांत जातात, २०२० सालापर्यंत पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडही गाठीत असत. त्यांस दोष कोणी द्यावा? बेळगावाकडचे आपले तरुण तरी कोठे राहिले आहेत? मात्र येथे एक शेत पडीक राहिले की त्याचा उपद्रव शेजारच्या शेतास होतो, कारण ज्यास पीक नाही तो बांधावर फिरकत नाही, आणि खेकडा कोणाच्या हद्दीतून बीळ काढतो हे पाहत नाही. आम्ही परत येताना एक फुटलेला बांध पाहिला. आत कांदळ माजले होते, शुभ्र बगळे बसले होते आणि पाण्यावर ऊन चमकत होते. वाटेवरचे एक पाहुणे जोडपे त्याची छायाचित्रे काढीत होते. दृश्य सुंदर होते, हे आम्ही नाकारीत नाही. राखणदार तेथून जाताना दुसरीकडे पाहत गेला.

आम्ही त्यास विचारले की हे सारे तुम्ही कोणास शिकविले आहे का. त्याचे दोन्ही मुलगे परदेशी आहेत. नातू सुटीत येतात तेव्हा त्यांस चिखलाचा वास सोसत नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने बांधाच्या टोकाशी टोपली घेऊन उभ्या असलेल्या एका पोरसवद्या मजुराकडे हनुवटीने खूण केली. तो झारखंडचा. आला तेव्हा त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. तीन पावसाळ्यांपासून तो येथे चिखलाच्या कामास आहे आणि सारखे प्रश्न विचारतो. तिथी त्यास घरापासूनच ठाऊक होत्या; त्यांची पाऊणपट करावयाची एवढेच त्यास येथे शिकावे लागले. झडपेचा आवाज मात्र त्यास अजून नीट ओळखता येत नाही. ‘दोनांतली एक वेळ चुकतो,’ मामा म्हणाला, आणि मग आपणच पुस्ती जोडली, ‘मी त्याच्या वयात दोन्ही वेळा चुकत होतो.’

त्या मुलास गावात काय नावाने ओळखतात, असे आम्ही मावशीच्या सुनेस विचारले. ती म्हणाली, पहिल्या वर्षी ‘भायलो’ म्हणत, आता ‘मानशीवरचा’ म्हणतात.

येत्या सणास जे जुन्या गोव्यास जातील त्यांच्यासाठी एवढेच लिहितो. घरून निघताना पंचांगात तिथी पाहावी आणि तिची पाऊणपट करून ठेवावी. भरती पुरी झाल्यानंतर सुमारे सहा तासांनी पाणी तळाशी जाते. त्याच्या तासभर आधी दिवाडीच्या बांधावर पोहोचल्यास झडप उघडी दिसेल, आणि दोन तास धीर धरल्यास ती मिटताना ऐकू येईल. बांधावर एकापाठोपाठ एक चालावे, कडेवर पाय देऊ नये आणि मुलांस कांदळाच्या फांद्या मोडू देऊ नयेत. कोणी कामात असेल तर आधी त्याचे काम होऊ द्यावे, मग काय विचारावयाचे ते विचारावे. परतीच्या बोटीत सुकाणूच्या बाजूस जागा मिळाल्यास तेथे उभे राहावे.